तुम्ही विचारलंत म्हणून: स्पाइसमध्ये जमलं, मग खऱ्या मार्क्स जनरेटरवर का नाही?

पल्स्ड पॉवरमध्ये, म्हणजे साठवलेली वीज क्षणार्धात सोडण्याच्या तंत्रात, नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, सिम्युलेशनमध्ये वेव्हफॉर्म इतका छान होता, मग खरा मार्क्स असा का वागतो?" (मार्क्स म्हणजे कपॅसिटर जोडून उच्च व्होल्टेजचा पल्स देणारा जनरेटर.)

सॉफ्टवेअर, म्हणजे स्पाइस हा सर्किट सिम्युलेटर, चुकलेलं नसतं. तुम्ही जे सर्किट काढलंत, ते त्याने इमानेइतबारे सोडवलेलं असतं.

माझंच सांगते. दहा स्टेजचा मार्क्स, प्रत्येक कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, चार्जिंग ३० किलोव्होल्ट. समांतर चार्ज करायचे, स्पार्क गॅप (ठिणगीने बंद होणारे स्विच) फुटले की सगळे एकापाठोपाठ जोडले जाऊन ३०० किलोव्होल्ट. मी दहा आदर्श स्विच काढले आणि सगळे एकाच क्षणी बंद केले. स्क्रीनवर पल्स ताठ उभा! प्रत्यक्षात दोन गॅप फुटले, बाकीचे ढिम्म.

पहिला गॅप फुटला की पुढच्यावर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज यायला हवं. पण त्यासाठी त्या गॅपची पलीकडची बाजू क्षणभर जमिनीच्या पोटेन्शियलला धरून ठेवावी लागते. ते काम जमिनीशी आपोआप तयार होणारं स्ट्रे कपॅसिटन्स करतं आणि ते गॅपच्या स्वतःच्या कपॅसिटन्सपेक्षा बरंच मोठं असावं लागतं. मी तर इन्सुलेशनच्या भीतीने अख्खा स्टॅक उंच चढवून ते कपॅसिटन्सच घटवलं होतं! शिवाय प्रत्येक गॅप वेगळ्या अपारदर्शक डबीत. पहिल्या ठिणगीचा अतिनील प्रकाश पुढच्या गॅपवर पडला तर तो लवकर फुटतो. हे प्रकरण स्पाइसला कुठून ठाऊक असणार? बर्कलीत ते १९७०च्या दशकात चिपमधल्या सर्किटांसाठी जन्माला आलं.

तरी मी रोज तेच वापरते. गॅपच्या जागी नॅनोसेकंदांत घसरत जाणारा रेझिस्टर घालते. पाण्याची लाइन (दोन वाहकांमध्ये पाणी भरलेली, पल्स वाहणारी लाइन) असेल तर ट्रान्समिशन लाइनच काढते, कारण पाण्यात पल्स नॅनोसेकंदाला जेमतेम ३.३ सेंटिमीटर सरकतो. एक मीटर म्हणजे ३० नॅनोसेकंद. त्याला एकच कपॅसिटर समजून कसं चालेल?

इंडक्टन्स मात्र अंदाजाने लिहायचं नाही. गॅपमधल्या वायूचा दाब उतरवा, लोड शॉर्ट करा, कमी व्होल्टेजवर एक शॉट घ्या आणि करंटच्या आंदोलनाचा काळ मोजा. परवा एका मुलीला १.४ मायक्रोसेकंद मिळाला. दहा कपॅसिटर सिरीजमध्ये म्हणजे १० नॅनोफॅरड, म्हणून इंडक्टन्स ५ मायक्रोहेन्री. तिच्या मॉडेलमध्ये २ लिहिलं होतं. ते बदलून तिने पुन्हा रन केलं आणि स्क्रीनवरचा पल्सही ऑसिलोस्कोपवरच्यासारखाच आळसावला.