आमची वाटचाल : नव्या मशीनकडून जुन्या मशीनकडे

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाची सुरुवात सायबर कॅफेंच्या ऑर्डरींवर झाली. एकाच नमुन्याची आठ-दहा मशीन्स असेंबल करायची, विंडोज टाकायचं, लॅनवर काउंटर-स्ट्राइक अडखळत नाही ना ते बघायचं आणि टेम्पोत भरून पाठवायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तेव्हा कित्येकांचा धंदा याच ऑर्डरींवर चाले. घरोघरी ब्रॉडबँड पोचलं, कॅफे मिटत गेले आणि गिऱ्हाईक बदललं. आता येणारा बहुतेक माणूस आधीचं मशीन काखोटीला मारून येतो. मशीन पाच-सात वर्षं जुनं, बजेट २५-३० हजारांचं आणि इच्छा एवढीच की नवे गेम नीट चालावेत. नवीन सेट विकण्यात मार्जिन जास्त असतं, तरी आम्ही अपग्रेडकडे वळलो आणि तिथेच थांबलो, कारण जुन्या मशीनमधलं काय राखायचं आणि काय काढायचं हे सांगणारं दुकान लोकांना हवं होतं.

काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठलं कार्ड घेऊ?’ कार्ड म्हणजे गेमचं चित्र बनवणारं ग्राफिक्स कार्ड. या प्रश्नाचं उत्तर आम्ही मशीन चालवून बघितल्याशिवाय देत नाही. गिऱ्हाइकाचाच गेम, त्याच्याच मॉनिटरच्या रिझोल्यूशनवर दहा-पंधरा मिनिटं चालवतो. व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम (दर सेकंदाला बनणारी चित्रं) मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग, आणि फ्रेमची मर्यादा आधी बंद करतो, नाहीतर आकडे फसवतात. आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधून ग्राफिक्स कार्डचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि रॅम पडद्यावर आणतो. कार्ड सतत ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि प्रोसेसरचे एक-दोन थ्रेड शंभरला टेकलेत, तर महागडं कार्ड घालूनही फ्रेम फारशा वाढणार नाहीत. सरासरी फ्रेम चांगल्या पण मध्येच झटके बसतात, तेव्हा व्हीरॅम किंवा ८ जीबी रॅम भरलेली सापडते. काही वेळा एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली निघते, किंवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेला असतो. अशा माणसाला आम्ही पैसे न घेता परत पाठवतो.

मग कॅबिनेट उघडून एसएमपीएसचं (मशीनला वीज देणाऱ्या डब्याचं) लेबल वाचायचं. बजेट अपग्रेडमध्ये सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. स्वस्त कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ‘५०० वॅट’ असतं आणि बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रेलपुढे (वीजवाहिनीपुढे) १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज याच रेलवरून ओढतात, म्हणून आमच्या हिशेबात तो एसएमपीएस २१६ वॅटचा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये याच ओळीत ४४-४५ अँपिअर दिसतात. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरएक्स ६६०० ला १३२. सोबत ६५ वॅटचा प्रोसेसर धरला तरी पूर्ण मशीन ३०० च्या आत राहतं, म्हणजे असा ५५० वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. ७५० घेऊन वरचे पैसे वाया घालवू नका, ते कार्डात घाला.

हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलला जोडून कार्डासाठी ८ पिन बनवणारा अडॅप्टर आमच्या दुकानात मिळत नाही आणि मिळणारही नाही. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॅट. कार्डाची ८ पिन १५० वॅटसाठी असते. प्लास्टिक वितळतं ते यामुळेच. मॉड्युलर (सुट्या केबलींचा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबल ठेवून नवा डबा लावणं हाही तसाच प्रकार. डब्याच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की एसएसडी आणि हार्ड डिस्क तिथल्या तिथे जातात. एसएमपीएस बदलला की त्याच्याच केबल.

२०१७ साली दोन गोष्टी घडल्या आणि आमच्या कामाची रीत बदलली. जुलैमध्ये जीएसटी आला. कच्च्या बिलावर माल नेणारे तेव्हाही होते, पण वॉरंटी सिरियल नंबर आणि पक्क्या बिलावर चालते, म्हणून १८ टक्के धरूनच भाव सांगायची सवय आम्ही लावून घेतली. दुसरी गोष्ट म्हणजे एएमडीचे रायझन प्रोसेसर आणि त्यांचं एएम४ सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसायची जागा). त्या वर्षीच्या बी३५० बोर्डवर बहुतेक कंपन्यांनी बायोस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट देऊन पुढे रायझन ५००० मालिकाही चालवली. रायझन ५ १६०० काढून त्याच बोर्डवर, त्याच डीडीआर४ रॅमवर ५६०० बसवणं हे अजूनही आम्ही करतो त्यातलं सगळ्यात पैसे वसूल काम आहे. ५५०० आणि ५६००जी नावाने जवळचे वाटतात, पण त्यांची एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मी, १६ एमबी आहे आणि पीसीआयई (बोर्ड आणि कार्डातली जोडणी) जुन्या ३.० पिढीचंच मिळतं. गेमसाठी थोडे पैसे वाढवून ५६०० घ्यावा.

प्रोसेसर बदलायचं हे काम क्रमाने करावं लागतं. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर आधी रिकव्हरी की लिहून घ्यायची, कारण बायोस किंवा प्रोसेसर बदलला की टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) नवीन समजलं जातं आणि विंडोज ती की मागतं. मग जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बायोस अपडेट करायचं, तेही मशीन यूपीएसवर ठेवून. कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं लोडवर गरम करायचं आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवायचा. कूलरखालची पेस्ट थंड असली की गोंदासारखी धरते आणि एएम४ चा प्रोसेसर लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून येतो. मग वाकलेल्या पिना सरळ करत बसावं लागतं.

इंटेलवाल्यांची वाट वेगळी. सहाव्या-सातव्या जनरेशनचा बोर्ड आणि आठव्या-नवव्याचा प्रोसेसर, दोघांचं सॉकेट एलजीए ११५१ असलं तरी जोडी जमत नाही. चौथ्या जनरेशनचा आय५ असेल तर रॅम डीडीआर३, तीही पुढे उपयोगाची नाही. सहाव्यापासून पुढच्या मशीनमध्ये डीडीआर४ असेल तर एच६१० किंवा बी६६० चा डीडीआर४ बोर्ड आणि आय५-१२४००एफ घालून रॅम वाचवता येते. २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव चढले तेव्हापासून ही वाचलेली रॅम फार मोलाची ठरते. नावात एफ असलेल्या प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नसतो, कार्ड बिघडलं तर पडदा काळा. हे आम्ही बिल करण्याआधी सांगतो.

२०२०-२१ मध्ये कार्डांचा दुष्काळ होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग संपलं आणि बाजारात वापरलेल्या कार्डांचा पूर आला. तेव्हापासून सेकंडहँड कार्ड तपासून देणं हाही कामाचा भाग झाला. सिरियलचा स्टिकर बिलाशी जुळवायचा, चिपच्या कडेला सोल्डरिंगच्या फ्लक्सचे डाग म्हणजे रिपेअर झालेलं कार्ड, आणि अर्धा तास लोडवर ठेवून पंखे खरखरतात का ऐकायचं. आरएक्स ५८० घेताना जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये शेडर (कार्डातले हिशेब करणारे घटक) बघा, २३०४ हवेत. २०४८ वालं कार्ड त्याच नावाने फिरतं.

नव्या कार्डात व्हीरॅमइतकंच लेनकडे (पीसीआयईच्या डेटा वाहणाऱ्या मार्गिकांकडे) बघावं. आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआयईच्या चारच लेन वापरतं आणि व्हीरॅम ४ जीबी. ४.० च्या बोर्डवर निभतं, पण जुन्या ३.० च्या बोर्डवर व्हीरॅम भरली की कोसळतं, म्हणजे ज्याला अपग्रेड हवंय त्याच्याच मशीनवर ते सगळ्यात वाईट चालतं. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ लेनवर चालतात, ३.० वर त्यांचा तोटा सहसा किरकोळ असतो. इंटेलच्या आर्क बी५८० कार्डाची १२ जीबी मोहात पाडते, पण रिसाइझेबल बार (प्रोसेसरला पूर्ण व्हीरॅम एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या मशीनवर ते घेऊ नये.

रॅम दोन काड्यांची घ्या, ८ अधिक ८, आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा लिहिलेला वेग लावणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वरच धावते. एसएसडीबद्दल एवढंच, की पीसीआयई ३.० ची एनव्हीएमई (बोर्डच्या एम.२ खाचेत बसणारी एसएसडी) गेमला पुरते. मात्र काही बोर्डांवर एम.२ भरली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, त्यामुळे जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर घाबरू नका, केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

मुंबईची हवा हा वेगळा खर्च आहे. मे महिन्यात खोलीच तापलेली असते, तिथे समोरून काच असलेलं कॅबिनेट कार्डाला गुदमरवतं. जाळीचं घ्या, पुढे दोन पंखे आत, मागे एक बाहेर. पावसाळ्यात दमट, खारी हवा रॅमच्या आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बसते आणि मशीन डिस्प्ले देत नाही. खोडरबर घासायची पद्धत सगळीकडे आहे, पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरा. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटचा असतो. मॉनिटरसकट लोड मोजून बघा, ऐन गेममध्ये लाइट गेल्यावर कळून उपयोग नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, त्यामुळे आता टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटचंही (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीचंही) बघावं लागतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम त्यांच्याशिवाय सुरूच होत नाही. जुनी डिस्क एमबीआर (सिक्युअर बूटला न चालणाऱ्या जुन्या मांडणीची) असेल तर बॅकअप घेऊन एमबीआर२जीपीटी या विंडोजच्या साधनाने बदलता येते, फॉर्मॅट मारायची गरज नसते.

मशीन डोंबिवली-विरारला लोकलच्या लगेजच्या डब्यातून जाणार असेल तर जड कार्ड आम्ही काढून खोक्यात वेगळं देतो, धक्क्यांनी स्लॉट तुटतो. घरी ते बसवताना खटका लागेपर्यंत दाबा, स्क्रू लावा, ८ पिन पूर्ण आत गेली का बघा, मगच मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला जोडून बटण दाबा.