तुम्ही विचारलंत म्हणून: उंदराला काय लावू?

फोन बहुधा रात्रीच येतो. "ताई, आमची पांढरी उंदरीण सारखी खाजवतेय, खांद्यावर खपल्या धरल्यात. घरातलं काही लावू का?" इंदूरमध्ये हौसेने उंदीर पाळणारी मराठी घरं ती किती, आणि त्यातली बरीचशी फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचतात. मी दर वेळी एकच सांगते: काही लावू नका. पलीकडचा आवाज लगेच उतरतो. हिला सांगायचं नाहीये, असं वाटत असणार. तसं नाही. पण या उत्तरामागे काय आहे ते मी कुणालाच धड सांगितलेलं नाही, ते आज सांगते.

२०२१ चा मे महिना. शहरात कोरोना कर्फ्यू. माझ्याकडे दोघी होत्या, जिवली आणि शेवंती. जिवली दीड वर्षाची. तिच्या मानेमागे आणि जबड्याखाली बारीक बारीक खपल्या होत्या, मागच्या पायाने खाजवून खाजवून त्यांतून रक्त यायचं. ओळखीच्या एका दवाखान्यात फोन केला, तर "उंदरांचं आम्ही बघत नाही" एवढंच उत्तर मिळालं. माई, माझी आजी, म्हणाली, "खोबरेल तेलात कापूर घाल आणि लाव. तुम्हा सगळ्या पोरांची खाज मी त्यानेच घालवलीय." ते खरंच होतं. लहानपणी उन्हाळ्यात माझ्या पाठीवर तेच तेल असायचं, आणि त्याच्या वासानेच मला बरं वाटायचं.

वाटीभर तेलात कापराच्या दोन वड्या विरघळवल्या. नऊ वाजता जिवलीच्या मानेला आणि खांद्यांना बोटाने चोळलं. ती लगेच अंग चाटायला बसली. उंदीर अंगावरचं काहीही तसंच राहू देत नाही, चाटून साफ करतो, हे मला ठाऊक होतं. त्यांचं तासन् तास चाललेलं ते चाटणं बघण्यासाठीच तर मी पिंजऱ्यापाशी बसायचे. पण तेल लावताना ते डोक्यात आलं नाही. शेवंतीही येऊन तिची मान चाटू लागली, म्हणून तिला मी दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवलं. तेवढी एक गोष्ट नीट केली.

दहाच्या सुमाराला जिवली थरथरायला लागली. कातडी मधूनमधून उडायची, मान एका बाजूला जायची. मला वाटलं, खाज वाढलीय, तेल कमी पडलं.

मी आणखी तेल लावलं.

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. साडेअकराला तिला झटका आला. मग दुसरा. ओल्या फडक्याने तेल पुसायचा प्रयत्न केला, ते निघेना, आणि तिचं अंग मात्र गार पडत गेलं. तिला छातीशी धरून मी कूलर बंद केला. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊ, वीस-पंचवीस किलोमीटर, सकाळी कर्फ्यूत सोडतील का, असा हिशेब करत बसले होते. पहाटेआधीच ती गेली.

कापूर पोटात गेला तर झटके येतात, माणसाच्या लेकरालासुद्धा. आणि उंदराला उलटी करता येत नाही, गिळलं ते गिळलं. हे मी नंतर वाचलं. तिचं मरण कापरानेच आलं का? तिचा श्वासही महिनाभर घरघरत होता. त्या वेळची मी म्हणते, डॉक्टर मिळत नव्हता, मी तरी काय करणार? पण खपल्या मार्चपासून दिसत होत्या आणि तेव्हा दवाखाने उघडे होते. यावर तिच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

कर्फ्यू उठल्यावर शेवंतीला घेऊन गेले. एका तरुण डॉक्टरांनी तिच्या केसांवर पारदर्शक चिकटपट्टी दाबली, ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला बघायला बोलावलं. माइट. नुसत्या डोळ्यांनी न दिसणारे, केसांच्या मुळाशी राहणारे जीव. बहुतेक उंदरांच्या अंगावर थोडे असतातच. उंदीर म्हातारा झाला, आजारी पडला, भेदरला की ते वाढतात. उवा असल्या तर त्या तांबूस दिसतात आणि लिखा केसांना चिकटलेल्या असतात. कान, नाक, शेपटीवर पिवळट खरखरीत गाठी आल्या तर तो वेगळा, कातडी पोखरणारा माइट. म्हणूनच "काय लावू" याच्या आधी "काय झालंय" हे विचारावं लागतं. (डोळ्यांभोवती लाल दिसलं म्हणूनही लोक घाबरून फोन करतात. ते रक्त नसतं, उंदराच्या डोळ्यातला स्रावच लाल असतो. पण तो वाढला तर काहीतरी बिघडलंय हे नक्की.)

औषध आहे, आयव्हरमेक्टिन. पण ते घरी मोजू नका, हात जोडून सांगते. गुरांच्या एक टक्का इंजेक्शनच्या एका थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम औषध असतं. तीनशे ग्रॅमच्या उंदराला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम या हिशेबाने ०.०६ मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे एक थेंब आठपट झाला. डॉक्टर पातळ करून देतात, आणि अंडी त्याने मरत नाहीत म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा देतात. एकत्र राहणाऱ्या सगळ्यांना, खाजवत नसलेल्यांनाही.

तोवर काय करायचं, तर मागच्या पायांची नखं टोकापुरती कापा. आतली गुलाबी शीर वाचवा. जखमा माइट करत नाही, त्या नखांनी होतात. शेवंतीच्या निम्म्या खपल्या नखं कापल्यावरच सुकल्या. सुताराकडचा भुसा काढून टाका, देवदार आणि चिडाच्या उग्र तेलाने त्यांची कातडी आणि छाती दोन्ही बिघडतात. जुनी सुती फडकी घाला, ती उकळत्या पाण्यातून काढा. कागदाचं अंथरूण असेल तर आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. साध्या खोबरेल तेलाचं बोट फिरवलंत तर कोरडी कातडी मऊ पडेल, माइट मरणार नाहीत. कापूर, टी ट्री तेल, कुत्र्यांची पावडर यातलं काहीही नको. दोन हप्त्यांत फरक पडला नाही, जखम ओलीच राहिली, तर आत जंतू शिरलेत, परत दाखवा.

जिवली गेली त्या सकाळी माईने विचारलं होतं, "पडला का गुण?" मी "हो" म्हटलं. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं तेव्हा वाटलं होतं. शेवंती पुढच्याच वर्षी म्हातारपणाने गेली, नंतर माईही. जाईपर्यंत ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, नातीच्या उंदरालासुद्धा कापराचं तेल लागू पडलं म्हणून.

गेल्या आठवड्यात रामबागेतून एका मुलीचा फोन होता. तिला शेजारच्या आजींनी कापराचं तेल सांगितलं होतं. तिने अजून लावलं नव्हतं.