मोजे काढले होते का?

नाइट ड्युटी होती. लहान मुलांची कॅज्युअल्टी, पहाटेचे २:३०, आणि त्याआधी दोन तास मी एका दम्याच्या पेशंटपाशी उभी होते त्यामुळे डोळे चुरचुरत होते. हे आधीच सांगून टाकते, सबब म्हणून नाही, पुढचं सगळं कसं झालं ते कळावं म्हणून. बरं, सबब म्हणूनच समजा.

एक जोडपं आणि आजी आले. बाळ ११ आठवड्यांचं, मुलगा, वजन ५ किलो ४०० ग्रॅम, रात्री दहापासून रडतंय. रडतंय म्हणजे कुरकुर नाही हां, किंचाळत होतं, मधे श्वास घ्यायला थांबायचं आणि परत सुरू. ताप नाही, उलटी नाही, संध्याकाळी शी नीट झालेली, शू होतेय, दूध नेहमीपेक्षा कमी प्यायलंय पण प्यायलंय. आईचे डोळे सुजलेले, बाबा भिंतीला टेकून उभे, आणि आजी मात्र एकदम सावध. एक अनुभवाचं सांगते, अशा वेळी ज्याचं डोकं शांत असतं ना त्याचं बोलणं नीट ऐकावं. मी ऐकलं नाही.

तपासलं मी व्यवस्थित, म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. टाळू बघितली, कान बघितले, घसा बघितला, छाती साफ, पोट मऊ. सूटची बटणं उघडून डायपर काढला, जांघेत गाठ नाही, दोन्ही अंडकोश ठीक, परत बांधला. आजी मधेच म्हणाल्या, "डॉक्टर, डावा पाय तेवढा आखडून घेतो बघा." आणि मी काय ऐकलं तर 'पाय पोटाशी घेतो'. पाय पोटाशी घेतो म्हणजे गॅस, हे आमच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की 'डावा' आणि 'तेवढा' हे दोन्ही शब्द माझ्या कानावरून गेले.

अजून एक. एवढ्या लहान बाळाला ऑक्सिजन मोजायचा प्रोब आम्ही बहुतेक वेळा पावलाला गुंडाळतो. पण सूट पावलांसकट होता, आत परत मोजे, आणि बाळ नेमकं दोन मिनिटं गप्प झालेलं, म्हटलं आता कशाला उघडा परत, तर मी प्रोब हाताला लावला. ९९ टक्के आला. मस्त. केसपेपरवर लिहिलं, कोलिक.

आता इथे थोडं थांबते, कारण कोलिक हा शब्द फार सैल वापरला जातो, मीही वापरला. जुनी व्याख्या १९५४ सालची आहे, वेसल नावाच्या डॉक्टरांची, एरवी तब्येतीने चांगलं असलेलं बाळ दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यातले तीन दिवसांपेक्षा जास्त, आणि असं तीन आठवड्यांपेक्षा जास्त रडत असेल तर कोलिक. साधारण दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार महिन्यांत आपोआप जातो. गॅसचे थेंब देतात सगळे, पण अभ्यासांमधे त्यांचा उपयोग औषध नसलेल्या नुसत्या थेंबांइतकाच दिसलाय म्हटलं तरी चालेल. तर मुद्दा असा की कोलिक एका रात्रीत उगवत नाही. ह्या बाळाच्या आईने मला स्पष्ट सांगितलं होतं की आजपर्यंत हा असा कधीच रडलेला नाही. ११ व्या आठवड्यात कोलिक ओसरायला लागतो, पहिल्यांदा सुरू नाही होत. हे मला पाठ आहे हो. परीक्षेत विचारलं असतं तर बरोबर लिहिलं असतं.

निघताना बाबा मागे रेंगाळले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, मघाशी एक क्षण मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं." हे बोलायला फार हिंमत लागते. मी त्यांना म्हटलं, असं खूप आईबाबांना वाटतं, फक्त कोणी बोलत नाही, आणि वाटलं की लगेच त्याला पाळण्यात उताणं ठेवायचं, दार ओढून घ्यायचं आणि बाहेर यायचं, पाचदहा मिनिटं, पाणी प्या, कोणाला तरी फोन करा, मग परत जा. पाळण्यात एकटं रडल्याने बाळाला काही होत नाही, हलवल्याने होतं, मान कमकुवत आणि डोकं जड असतं, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. त्या रात्री मी दिलेला हा एकच सल्ला बरोबर होता असं मला आता वाटतं.

सकाळी सव्वाआठला मी पुढच्या डॉक्टरांना पेशंट समजावून देत होते आणि हे तिघं परत आले. बाळाचा आवाज बसलेला. मी परत तपासायला जाणार तेवढ्यात आमच्या सिस्टर, वीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढलेल्या बाई, त्यांनी बाळाला टेबलावर ठेवून सगळे कपडे काढायला सुरुवात केली, काहीही न बोलता. सूट काढला. डायपर काढला. मोज्याला हात घातला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मॅडम, रात्री मोजे काढले होते का?"

डाव्या पायाचं मधलं बोट. जांभळं, फुगून जवळपास दुप्पट झालेलं, आणि मुळाशी एक खोल खाच, जणू कोणी दोऱ्याने करकचून बांधलंय. बांधलेलंच होतं. केस होता. आईचा, लांब केस, दोनतीन वेढे. दिसत नव्हता सहज, कारण सूज दोन्ही बाजूंनी वर आलेली आणि केस आत रुतलेला, भिंग आणि टॉर्च घेऊन बघितलं तेव्हा एक काळी रेघ दिसली.

याला हेअर टूर्निके म्हणतात, म्हणजे केसाचा फास. पुस्तकात वाचलेलं, तोपर्यंत एकदाही बघितलेलं नव्हतं. कसं होतं तर बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी बायकांचे केस भरभरून गळतात, गरोदरपणात हार्मोन्समुळे जे केस टिकून राहिलेले असतात ते एकदम सुटायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच बाळाची सतत पाय झाडायची वेळ. एखादा केस मोज्यात किंवा सूटच्या पावलात जातो, बोटाभोवती वळसा घेतो, पाय झाडला की अजून आवळतो. ओला असताना केस ताणला जातो आणि वाळताना आखडतो, म्हणजे अजूनच घट्ट. मग बोटाला सूज, सुजेमुळे फास जास्त आवळतो, आधी परतीचं रक्त अडतं, मग जाणारंही. वेळेत नाही निघाला तर बोट गमवायची वेळ येऊ शकते. पायाची बोटं, हाताची बोटं, आणि मुलांमधे शूच्या जागी सुद्धा होतं, म्हणून डायपरच्या आत नीट बघायचं. मोज्यातल्या सुट्या दोऱ्यांनी पण होतं.

केस नुसता दिसत असेल, कातडी फाटलेली नसेल, तर केस काढायचं क्रीम लावून काही मिनिटांत तो विरघळतो, हॉस्पिटलमधे हा उपाय करतात. पण दोऱ्यावर ते चालत नाही, आणि कातडी कापली गेली असेल तर लावत नाहीत. ह्याची गेली होती. सर्जनना बोलावलं, बोट बधिर केलं, आणि त्यांनी बोटाच्या वरच्या बाजूला मधोमध उभी छोटीशी चीर देऊन केस कापला, कारण बोटाच्या नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही कडांनी जातात, त्या वाचवायच्या असतात. मग भिंगाखाली परत बघितलं, एखादा वेढा आत राहिलाय का, कारण एक राहिला तरी सगळं परत पहिल्यासारखं. पाचसात मिनिटांत बोट जांभळ्याचं लालसर व्हायला लागलं. आणि बाळ गप्प. दहा तासांनी गप्प. इतकी शांतता झाली खोलीत की आजी घाबरून म्हणाल्या, "झोपलाय ना?" झोपला होता.

आईने मला एकच विचारलं, "माझाच केस ना?" मी हो म्हटलं, काय खोटं बोलणार, आणि म्हटलं, पण मोजा मी काढायला हवा होता. पुढे काय बोलायचं दोघींनाही सुचलं नाही.

म्हणून आता माझ्याकडे रडणारं बाळ आलं की मी उघडं करते, पूर्ण, आणि घरच्यांनाही हेच सांगते की दवाखान्यात पळायच्या आधी, म्हणजे बाकी तब्येत ठीक दिसत असेल तर, एक मोठा दिवा लावा, खोली गरम ठेवा आणि बाळाच्या अंगावरचा शेवटचा कपडा काढून डोक्यापासून बघत या. डोळा एक लाल आहे का, पाणी येतंय का, कारण स्वतःच्याच नखाने बुबुळावर ओरखडा येतो आणि तोही असाच रडवतो. तोंडात बघा. हात पाय एकेक करून हलवा, त्यातल्या एखाद्याला बाळ हात लावू देत नाही का. जांघेत फुगवटा आहे का. आणि मग हातापायाची वीसच्या वीस बोटं, एकेक वेगळं करून, मधल्या फटीत सुद्धा. दोन मिनिटं लागतात. केस सैल गुंडाळलेला दिसला आणि सहज सुटला तर काढा, पण खाच राहिली, सूज किंवा रंग उतरला नाही, किंवा केस रुतलेला वाटला तर कात्री ब्लेड घेऊन बसू नका, सरळ निघा.

मोजे आणि हातमोजे घालायच्या आधी उलटे करून बघायचे, धुवायलाही उलटे टाकायचे, आतले लोंबते दोरे कापून टाकायचे. आईने, खरं तर लांब केसवाल्या कोणीही, बाळाचे कपडे बदलताना केस बांधायचे. आणि घरात मोज्यांची गरज नसेल तर पाय उघडे राहू द्या ना, काही बिघडत नाही.

आणि काही गोष्टींत कपडे काढून बघत बसायचं नाही, निघायचंच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमधे रक्त, बाळ मलूल पडलंय, दूध अजिबात घेत नाही, श्वास घ्यायला जोर लावतंय, ओठ निळे. थोड्या मोठ्या बाळांत, साधारण तीन महिने ते तीन वर्षं, दर पंधरावीस मिनिटांनी कळ आल्यासारखं किंचाळून पाय पोटाशी घेतं आणि मधल्या वेळात एकदम गळून जातं, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं, तिथेही घरी थांबायचं नाही. आणि डॉक्टरांशी बोलताना सगळ्यात आधी हे सांगा की हे रडणं रोजचं आहे का पहिल्यांदाच. समोरचा डॉक्टर पेंगत असेल तर दोनदा सांगा.

त्या बाळाला दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला बोलावलं होतं, मग आठवड्याने परत. बोट वाचलं, चिरेची बारीक रेघ राहिली, सूज उतरायला थोडे दिवस लागले. आठवड्याने आले तेव्हा आईने केस खांद्याच्याही वर कापलेले, बऱ्यापैकी छोटे. मला कसंतरीच झालं, म्हटलं, अहो एवढं करायची काही गरज नव्हती, नुसते बांधले असते तरी चाललं असतं. तर हसून म्हणाल्या, "ह्या प्रकारासाठी नाही कापले हो, आता तो मुठीत धरून ओढायला लागलाय." आणि बोलता बोलता बाळाला टेबलावर ठेवून, मी काही म्हणायच्या आत, त्यांनी स्वतःच दोन्ही मोजे काढले.