तुम्ही विचारलंत म्हणून : एमएसमध्ये चष्म्याचा उपयोग होतो का?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे ज्याला सगळे एमएस म्हणतात त्या आजाराचे निदान झालेली व्यक्ती किंवा तिच्या घरचे कोणी म्हापशातल्या माझ्या दुकानात आले की एक प्रश्न हमखास येतो: "दिसायला कमी झाले आहे, चांगला चष्मा करून घेतला तर भागेल ना?" मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणे हेच माझे काम असले, तरी या प्रश्नाला घाईने "हो" किंवा "नाही" म्हणणे मला पटत नाही. "नाही" म्हटले तर जी मदत खरोखर मिळू शकते तीही माणूस मागत नाही, आणि "हो" म्हटले तर नसेच्या दुखण्यावर काचा बदलत बसण्यात मोलाचे दिवस निघून जातात.

नंबराची काच प्रकाशाची दिशा वळवून तो नेमका डोळ्याच्या पडद्यावर एकवटवते, त्यापलीकडे तिचा अधिकार चालत नाही. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यामागची दृष्टीची नस यांतल्या तंतूंवरचे मायलिनचे आवरण खराब करते. त्यामुळे पडद्यावर चित्र स्वच्छ उमटूनही मेंदूकडे जाणारा संदेश मंदावतो किंवा वाटेत तुटतो. नसेला सूज आली की त्याला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात. बहुतेक वेळा एकाच डोळ्याची नजर काही तासांत किंवा दिवसांत उतरते, डोळा फिरवताना दुखते आणि रंग, विशेषतः लाल, फिका पडतो. कितीतरी जणांना एमएसची पहिली खूण हीच दिसते.

दोष काचेने सुधारणारा आहे की नसेचा, याचा पहिला अंदाज अगदी साध्या साधनाने येतो. काळ्या चकतीला मधोमध मिलिमीटरभराचे छिद्र असते. एक डोळा झाकून दुसऱ्याने त्या छिद्रातून तक्ता वाचायला मी सांगते. छिद्रातून प्रकाशाची बारीक शलाकाच आत जात असल्यामुळे नंबराचा दोष असेल तर अक्षरे ठळक होतात. नसेचा दोष असेल तर तक्ता होता तसाच राहतो, कधी आणखी अंधुक होतो. मग मी पाण्याच्या बाटलीचे लाल झाकण आळीपाळीने दोन्ही डोळ्यांपुढे धरते. एका डोळ्याला ते कुंकवासारखे लाल आणि दुसऱ्याला विटकरी दिसले, तर त्या दिवशी माझ्याकडून चष्मा मिळत नाही. चिठ्ठी मिळते, आणि ती घेऊन नेत्रतज्ज्ञ व न्यूरॉलॉजिस्ट या दोघांकडे, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किंवा जिथे सोय असेल तिथे, लगेच जायचे असते.

हा आग्रह मी धरते, कारण डोळा फिरवताना दुखते असे सांगूनही केवळ वाढीव नंबर हातात देऊन परत पाठवलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. ऑप्टिक न्यूरायटिसवर अमेरिकेत १९८८ मध्ये ४५७ रुग्णांची एक मोठी चाचणी सुरू झाली. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने नजर लवकर परतते, पण सहा महिन्यांनंतरची दृष्टी जवळपास औषध न घेतलेल्यांइतकीच असते, असे तिच्यात दिसले. नुसत्या नेहमीच्या मात्रेतल्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत मात्र सूज पुन्हा येण्याचे प्रमाण वाढले. म्हणून औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत, हेही मी चष्म्याच्या दुकानात बसून सांगते. नजर बहुधा काही आठवड्यांत सुधारू लागते. त्या काळात काढलेला नंबर विश्वासाचा नसतो, त्यामुळे सूज ओसरून दृष्टी स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नये.

नजर परतल्यानंतरचा टप्पा घरच्यांना समजावून सांगणे सर्वांत अवघड जाते. तक्त्यावर ६/६, म्हणजे पूर्ण नजर, येते, डॉक्टर "छान" म्हणतात, आणि माणूस मात्र "मला नीट दिसत नाही" असेच म्हणत राहतो. तो खरे बोलत असतो. तक्त्यावरची अक्षरे पांढऱ्यावर गडद काळी असतात, पण एमएसमध्ये हरवते ती फिक्या छटांमधला फरक ओळखण्याची क्षमता. पावसाळ्यातल्या अंधारलेल्या दुपारी चिऱ्याच्या पायऱ्या उतरताना कुठली कड कुठे संपते ते त्याला कळत नाही. नंबर वाढवून ही उणीव भरत नाही. पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला, वाचताना दिवा पानाजवळ घेतला, मोबाइलची अक्षरे जाड केली, तर जास्त फरक पडतो. उन्हाची तिरीप सोसत नसेल त्याला हलक्या रंगाची काच मानवते. ती मी आधी लावून बाहेर रस्त्यावर चालायला लावते, आणि बरे वाटले तरच बनवते.

गोव्याच्या हवेत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अंग तापले की नजर तात्पुरती मंदावते. विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदवले. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश आधीच कसाबसा जात असतो, आणि थोड्याशा उष्णतेनेही तो अडतो. मे महिन्याच्या दमट उन्हात कदंब बसस्टँडवरून चालत आलेल्या माणसाचा नंबर मी लगेच काढत नाही. पंख्याखाली बसवते, गार पाणी देते, आणि शक्य असेल तर सकाळची वेळ देते. थंडावल्यावर नजर पूर्ववत होते. त्यासाठी नवी काच लागत नाही.

काच खरोखर कामी येते ती दोन-दोन दिसण्यात. डोळे हलवणाऱ्या नसांचा ताळमेळ बिघडला की एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात, आणि डोळ्यांचे हे तिरपेपण कुठल्याही दिशेला पाहताना सारखेच असेल तर प्रिझम, म्हणजे प्रकाश बाजूला वळवून दोन्ही चित्रे एकत्र आणणारी काच, उपयोगी पडते. कायमची जाड काच करण्याआधी फ्रेनेल प्रिझम वापरतात. ही बारीक रेघांची पातळ प्लॅस्टिकची चकती काचेच्या आकारात कात्रीने कापून, पाण्यात बुडवून, बुडबुडा राहणार नाही अशी काचेच्या आतल्या बाजूला दाबून बसवतात. तिच्यामुळे किंचित धूसर दिसते, पण तिरपेपण कमी-जास्त झाले की ती सहज बदलता येते. फक्त बाजूला पाहतानाच दोन दिसत असतील तर मात्र प्रिझम अपुरे पडते आणि एक काच झाकावी लागते. डोळे थरथरून समोरचे दृश्य हलत असेल, तर काचेपेक्षा न्यूरॉलॉजिस्टच्या औषधाने आराम मिळण्याची शक्यता अधिक असते.

एक उपाय मला फार मोलाचा वाटतो, कारण तो स्वस्त आहे आणि फारसा कोणाला ठाऊक नाही. एका नसेतून संदेश उशिरा पोहोचू लागला की आडवी जाणारी वस्तू आहे त्यापेक्षा जवळ किंवा दूर भासते. कार्ल पुल्फ्रिख या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये याचे वर्णन केले. त्यांना स्वतःला एकाच डोळ्याने दिसत असल्यामुळे तो भास त्यांना कधी अनुभवता आला नाही. बाजारातून रस्ता ओलांडताना स्कूटर नेमकी किती अंतरावर आहे हे ज्याला उमगत नाही, त्याच्या चांगल्या डोळ्यापुढे गडद काच दिली की त्याही डोळ्याचा संदेश थोडा रेंगाळतो आणि अंतर पुन्हा जागेवर येते.

शिवाय एमएस झाला म्हणून बाकीचे दोष टळत नाहीत. चाळिशीचा चष्मा लागतोच. स्टेरॉइडने मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्याचा दाब वाढू शकतो. एमएसवरच्या फिंगोलिमोडसारख्या औषधाने पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते, म्हणून ते सुरू केल्यावर ३-४ महिन्यांनी पडदा तपासून घ्यायचा असतो. "आजारच तो" म्हणून जुन्या काचांवर दिवस काढणाऱ्यांत निव्वळ नंबर वाढलेलेही असतात, आणि त्यांना योग्य काच मिळाली की वर्तमानपत्र पुन्हा वाचता येते.

माझ्याकडे येण्याआधी घरी एवढे मात्र पाहून या: दोन दिसत असताना एक डोळा झाकला तर एकच दिसते का, आणि मग दुसरा झाकला तर? दोन्ही वेळा एकच दिसले तर आपण प्रिझमचा विचार करू. एक डोळा मिटूनही दोन दिसत राहिले, तर आधी त्या डोळ्याचा नंबर आणि मोतीबिंदू तपासू.