सरांची काळी काच

शाळेच्या अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा इथे न्यू जर्सीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते. विषय तुमच्या आवडीचा घ्या, असं त्यात होतं. त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे उठून ट्रंकेतली सरांची छटांची पट्टी काढली आणि लिहायला बसलो.

ड्रॉइंगच्या सरांचं नाव मी लिहीत नाही. आपल्या शाळेत ‘ड्रॉइंगचे सर’ म्हटलं की कुठल्याही बॅचच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहतो. बाकीच्या शिक्षकांचं ऋण आहेच. गणिताच्या बाई नसत्या तर मी इंजिनिअर झालो नसतो. पण त्यांच्याविषयी इतर कुणी लिहील. मला सरांविषयीच लिहायचं आहे, आणि त्यातही एका सकाळविषयी.

ड्रॉइंगच्या इंटरमीजिएट परीक्षेचं वर्ष होतं, म्हणजे १९८१चा डिसेंबर. सरांनी आम्हा तिघांना पहाटे सहाला पंचगंगेच्या घाटावर बोलावलं. “कागद आणायचा नाही, रंग आणायचे नाहीत. स्वेटर घालून या.” आम्ही गेलो तर सर आधीच पायरीवर बसलेले. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ती काळी काच. फुटलेल्या तावदानाचा वीतभर तुकडा, मागच्या बाजूला काळा ऑइलपेंट आणि बोट कापू नये म्हणून कडेला चिकटपट्टी. “नदीकडे पाठ करा,” सर म्हणाले, “आणि काचेत बघा.”

समोर बघायचं सोडून पाठ का करायची, ते कळेना. पण काचेत नदी दिसली आणि मी गप्पच झालो. पलीकडे वडणग्याच्या अंगाला गुऱ्हाळ सुरू होतं. थंडीमुळे धूर वर चढत नव्हता, उसावर आडवा झोपला होता. त्यात नदीवरचं धुकं मिसळलेलं. उघड्या डोळ्यांना उसाचा हिरवा, पाण्याचा करडा, घाटावरच्या देवळांच्या दगडाचा काळा असे वेगवेगळे रंग दिसत होते. काचेत ते सगळे एका घरातले झाले होते. रंग मागे सरला होता आणि उरला होता तो नुसता उजेड आणि अंधार, त्यांच्यामधल्या चार-पाच पायऱ्या. त्या सगळ्या राखाडीत चुलवाणातला जाळ तेवढा भगभगत होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

“आता काच ठेवा. पाठ तशीच. काय काय होतं ते मोठ्यांदा सांगा.”

आम्ही आळीपाळीने सांगत गेलो. पाणी आभाळापेक्षा गडद की फिकट? देऊळ पाण्याला टेकतं तिथे रेघ दिसते का? माझं उत्तर चुकलं की सर वळून बघू द्यायचे, एकदाच, आणि पुन्हा पाठ करायला लावायचे. अर्ध्या तासाने आम्ही शाळेत आलो, नदीकडच्या खोलीत आपापल्या डाँकीवर, म्हणजे चित्र काढायच्या बाकावर, बसलो आणि आठवून चित्र काढलं. परीक्षेतल्या ‘स्मरणचित्रा’त सर्कस, बाजार, पाणवठा यांपलीकडे काही असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

माझं चित्र मात्र मी नेहमीसारखंच केलं होतं. शिखर, कळस, पायऱ्या, सगळं रेखीव. हात चांगला होता आणि त्याचा मला अभिमान होता. सर मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फडकं ओलं करून, पिळून, त्यांनी माझ्या चित्रावरून डावीकडून उजवीकडे एकच हात फिरवला. देवळाचा खालचा भाग गेला, पायऱ्या गेल्या, पाण्याची कड गेली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सरांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “रडतोस कशाला लेका? आत्ता कुठं धुकं आलं. डोळे बारीक कर आणि बघ.”

मी डोळे बारीक केले. देऊळ पाण्यातून वर येत होतं. कुठे पाणी संपलं आणि कुठे दगड सुरू झाला, ते सांगता येत नव्हतं. घाटावर काचेत पाहिलं होतं तेच हे.

त्यानंतरचे दोन तास सर माझ्याजवळ बसले. आधी सगळ्या कागदावर यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, पातळ हात, कारण पांढरा कागद खोटं बोलतो असं ते म्हणायचे. तो वाळू द्यायचा. मग ऑकर, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि गडद निळा अल्ट्रामरीन या तिघांतूनच सगळे करडे काढायचे. काळ्या रंगाची ट्यूब पेटीत ठेवायची नाही. प्रत्येक रंगात दुसऱ्या दोघांचा थेंब पडलेला असला पाहिजे, म्हणजे चित्रात कुणी परकं राहत नाही. कडा तीन तऱ्हेच्या: धरलेली, सैल सोडलेली आणि हरवलेली. धरलेली कड एका चित्रात एक, फार तर दोन. सगळ्यात उजळ जागाही एकच. आणि जाड कागदाची ती छटांची पट्टी, पांढऱ्यापासून गडदपर्यंत नऊ घरं, प्रत्येक घरात पंचने पाडलेलं भोक. भोकातून समोरची वस्तू बघायची आणि तिची छटा कुठल्या घराशी जुळते ते ठरवायचं. नवातली पाचच घरं वापरायची. कुठली पाच, ते दिवसाच्या वेळेवर.

या सगळ्याला जगात एक नाव आहे, हे मला दहा-बारा वर्षांनी समजलं. मी १९९१ साली नोकरीसाठी इथे आलो. माझ्या घरापासून गाडीने पाऊण तासावर माँटक्लेअर नावाचं गाव आहे. जॉर्ज इनेस हा मोठा निसर्गचित्रकार १८८५ पासून तिथे राहत होता. तिथल्या संग्रहालयात त्याच्या चित्रांसाठी स्वतंत्र दालन आहे. एका रविवारी सहज म्हणून गेलो आणि दारातच थबकलो. गवत, दोन झाडं, संध्याकाळ. झाडाची कड आभाळात विरघळलेली. ‘आत्ता कुठं धुकं आलं,’ हे शब्द मला तिथे, त्या परक्या दालनात, सरांच्या आवाजात ऐकू आले.

इनेस, ड्वाइट ट्रायॉन, बर्ज हॅरिसन या मंडळींना टोनॅलिस्ट म्हणतात, म्हणजे रंगापेक्षा उजेड-अंधाराच्या छटेला प्रमाण मानणारे. साधारण १८८० ते १९१५ हा त्यांचा अमेरिकेतला काळ. पहाट, तिन्हीसांजा, चांदणं, धुकं हे त्यांचे विषय. डोंगरकडे आणि धबधबे त्यांनी सोडून दिले. घरामागचं शेत, ओढा, चार झाडं त्यांना पुरली. इनेसला कुणी इम्प्रेशनिस्ट म्हटलेलं खपत नसे, आणि त्याचं बरोबरच होतं. इम्प्रेशनिस्ट शुद्ध रंगाचे तुकडे शेजारी ठेवून ऊन उजळवतात. इनेस कॅनव्हास आधी तपकिरी करून घेई, त्यावर गडद जागा पातळ लावी, फडक्याने पुसून उजेड काढी आणि मग पारदर्शक रंगाचे थर एकावर एक चढवी. गडदावर फिकट रंग कोरड्या कुंचल्याने नुसता घासला की खालचा अंधार त्यातून धुरासारखा दिसतो. ती जागा मी जवळ जाऊन, मागे येऊन, कितीदा पाहिली असेल! गुऱ्हाळाचा धूर असाच काढायचा असतो. सर जलरंगात तेच ओल्या फडक्याने करत.

व्हिस्लर या अमेरिकन चित्रकाराविषयी वाचलं तेव्हा तर मी जागेवरून उठून उभाच राहिलो. १८७०च्या दशकात तो रात्री लंडनला टेम्स नदीच्या काठी जाई. देखावा बघायचा, त्याच्याकडे पाठ करायची आणि बरोबरच्या माणसाला काय काय पाहिलं ते बोलून दाखवायचं. चुकलं तर पुन्हा बघायचं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आठवणीतून चित्र. रंग इतका पातळ की त्याला तो ‘सॉस’ म्हणे, आणि ओघळू नये म्हणून कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवी. सरांनी हे कुठे वाचलं होतं, कुणाकडून ऐकलं होतं, की स्वतःच शोधलं होतं? विचारायचं राहून गेलं. काळ्या काचेचंही तसंच. युरोपात अठराव्या शतकातले चित्रकार आणि प्रवासी असा काळा आरसा जवळ बाळगत. क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावावरून त्याला क्लोद ग्लास म्हणत. आमच्या सरांचा तावदानाचा तुकडा त्याच कुळातला होता.

मुलगी मेलबर्नला असते. तिच्याकडे गेलो असताना क्लॅरिस बेकेट या तिथल्या चित्रकर्तीची चित्रं पाहिली. १८८७ ते १९३५ हे तिचं आयुष्य. दिवसभर आईवडिलांची सेवा आणि पहाटे-संध्याकाळी हातगाडी ओढत समुद्रकाठी चित्रं. तिचे गुरू मॅक्स मेल्ड्रम यांचा क्रम ठरलेला होता: आधी छटा, मग प्रमाण, सगळ्यात शेवटी रंग. आमचे सर अगदी हेच सांगत. वादळात समुद्राचं चित्र काढताना भिजून तिला न्यूमोनिया झाला आणि त्यातच ती गेली. तिची कितीतरी चित्रं उघड्या शेडमध्ये पडून नासली. सरांचीही चित्रं अशीच गेली. पुरात गेली, वाळवीत गेली.

मागल्या खेपेस शाळेत आलो होतो. नदीकडच्या खोलीत आता संगणक आहेत. मुलांना ते हवेतच. पण खिडक्यांना जाड पडदे लावलेत, त्यामुळे नदी दिसत नाही. घाटावर गेलो तर पाण्यावर जलपर्णी पसरलेली. गुऱ्हाळं थोडी राहिलीत. ते धुकं आता कुठल्या मुलाने आणि कधी बघायचं, या विचाराने फार वाईट वाटलं.

निवृत्तीनंतर मी रोज चित्र काढतो. २०१९मध्ये इथल्या गावच्या लायब्ररीत माझ्या २२ निसर्गचित्रांचं प्रदर्शन झालं. रविवारी इथल्या मराठी शाळेतल्या मुलांना तळ्यावर नेतो. त्यांना म्हणतो, मोबाईल बंद करा, तळ्याकडे पाठ करा आणि त्या काळ्या पडद्यात बघा. तळं अगदी काचेतल्यासारखं दिसतं. दहा वर्षांची मुलं गप्प होतात.

सरांना शेवटचा भेटलो तो २००८मध्ये. इनेसच्या ‘होम ऑफ द हेरॉन’ या १८९३मधल्या चित्राची मोठी छापील प्रत त्यांच्यासाठी नेली होती. मूळ चित्र शिकागोच्या संग्रहालयात आहे. दलदल, उभी झाडं, मागे मावळता उजेड आणि एक बगळा. काकूंनी खिडकी उघडली. सरांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. प्रत मांडीवर घेऊन त्यांनी सवयीने डोळे बारीक केले आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. मग थरथरता अंगठा नेमका झाडांमागच्या त्या उजेडावर ठेवला.

“आता बघ,” म्हणाले.

सगळं चित्र विझलं होतं. सरांनी अंगठा उचलला.

“आता बघ.”

काकू चहा घेऊन आल्या तरी आम्ही दोघं तेच करत बसलो होतो.