फोटो कुणाच्या पसंतीचा?

दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी नमुन्यात फोटोच्या चौकटीत स्पष्ट छापलंय: फक्त चेहरा दिसणारा फोटो. २०१७च्या नियमांतच ते आहे. तरी आमच्या तालुक्याच्या गावात माझ्या फोटो स्टुडिओत आलेली माणसं अजून पायजमा वर सारतात, बाही दुमडतात. पूर्वी व्यंग दिसेल असाच फोटो मागायचे, ती सवय सुटलेली नाही. तपासणी शिबिराच्या आधी दुकानात गर्दी उसळते. तेव्हाही मी प्रत्येकाला सांगतो, पाय झाकून घ्या, त्याची गरज नाही. त्यानंतरचा चेहराच वेगळा असतो, आणि मला तोच टिपायचा असतो.

२०१६च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. तेव्हापासून नाना तऱ्हेची माणसं येऊ लागली आणि 'सरळ बसा, हलू नका, इकडे बघा' एवढ्यावर काम भागेनासं झालं.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसलेला, एक तरुण आईबरोबर आला होता. फ्लॅश उडाला की त्याचं सगळं अंग दचकून ताठ व्हायचं. सेरेब्रल पाल्सीत दचकणं बऱ्याचदा मुळातच जास्त असतं. मी फ्लॅश बंद केला, दोन एलईडी दिवे आधीपासून लावून ठेवले, कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, वाढवला आणि शटरचा वेग १/२५० सेकंदाहून मंद होऊ दिला नाही, म्हणजे हललेला फोटो येत नाही. आई मागून त्याचं डोकं धरून उभी होती. मी त्यालाच विचारलं, "आईनं हात काढला तर चालेल?" उत्तर यायला वेळ लागला. मी थांबलो. त्यानं मान हलवून होकार दिला.

मग क्रिकेटच्या गप्पा काढल्या. त्याची मान एकीकडून दुसरीकडे वळताना मध्येच क्षणभर स्थिरावायची. तो क्षण ओळखू यायला लागला तसा बटण दाबत गेलो. ढीगभर फोटो निघाले आणि सगळे त्याला स्क्रीनवर दाखवले. आईला तोंड मिटलेला हवा होता, त्यानं मान कलती ठेवून खळखळून हसतानाचा निवडला. फॉर्मसाठी सरळ मानेचा दिला, हसरा त्याच्या मोबाइलवर पाठवला.

अंध माणसाला 'इकडे बघा' म्हणण्यात अर्थ नाही. मी लेन्सच्या अगदी मागे तोंड नेऊन बोलतो. बाजूला उभं राहून बोललं की चेहरा तिकडे वळतो. एका निवृत्त गुरुजींना आधी स्टूल, दिव्याचा स्टँड, मागचा पडदा हातानं चाचपू दिलं. फोटो झाल्यावर प्रत्येकात काय दिसतंय ते सांगितलं: इथे कपाळाला आठी आहे, इथे ओठ किंचित उघडे आहेत. त्यांनी बारीक चौकशी करून स्वतः एक पसंत केला. कर्णबधिरांसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून मी शेजारी उजेडात उभा राहतो, म्हणजे त्यांना माझे ओठ आणि हात दिसतात.

व्हीलचेअरवरच्या माणसाचा फोटो उभ्यानं काढायचा नाही. लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीला हवी, म्हणून मी बुटक्या स्टुलावर बसतो. खुर्चीला मात्र विचारल्याशिवाय हात लावत नाही. ती सरकवणं म्हणजे त्या माणसालाच धरून हलवणं.

फॉर्मचा फोटो झाला की मी विचारतो, आता तुमच्यासाठी एखादा काढू का? त्यात काय दिसावं, काय नको, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या एका ताईंच्या पायाला पोलिओमुळे कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्ट्यांची चौकट, होतं. आई म्हणत होती, कमरेपासून वरचाच काढा. ताई म्हणाल्या, "पूर्ण काढा दादा. बघायला येणाऱ्यांना आधीच दिसू दे, मला दारात कुणाची तोंडं बघायची नाहीत." साडी घोट्याच्या थोडी वर घेऊन त्या कुबडी न लपवता उभ्या राहिल्या. आई प्रिंट होईपर्यंत कुरकुरत होती. मी ताईंनी सांगितला तोच छापला.