युलिसिस, १४वं प्रकरण: सात आठवडे आणि एक प्रदक्षिणा

मंडळी, जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीचं १४वं प्रकरण संपलं.

मागच्या नोंदीत ‘येत्या रविवारपर्यंत उरकतो’ असं छातीठोकपणे लिहिलं होतं, त्याला सात आठवडे झाले. १२ आणि १३ पंधरा दिवसांत मारली होती, त्यामुळे जरा माज आला होता. तो उतरला.

प्रकरण प्रसूतिगृहातलं. डब्लिनची होलेस स्ट्रीट, रात्रीचे दहा. मिना प्युअरफॉय तिसरा दिवस उलटला तरी अडलेली, डॉक्टरकीची पोरं दुसऱ्या खोलीत ढोसत बसलेली, कादंबरीचा नायक ब्लूम बाईंच्या चौकशीला आलेला. गोष्ट एवढीच. पण जॉइस ती एका आवाजात सांगेल तर शपथ. पोटातलं पोर नऊ महिने वाढतं, तसं इंग्रजी गद्य जुन्या काळापासून वाढत वाढत येतं, दर दोनचार पानांनी नवा ढंग. हे मला आधीच ठाऊक होतं. ठाऊक असूनही वाक्य पुढे सरकत नव्हतं, हे खरं दुखणं.

पहिला डाव टिपांचा. गिफर्डचं जाडजूड टिपांचं पुस्तक गाबलर नावाच्या संपादकाच्या आवृत्तीतल्या ओळींच्या आकड्यांवर बेतलेलं. माझी प्रत १९६०च्या मजकुराची, तिच्यात आकडेच नाहीत. पेन्सिल घेऊन दर दहा ओळींना आकडा घालत बसलो. पण दोन्हींत ओळी वेगवेगळ्या जागी तुटतात, तिसऱ्या पानावरच हिशेब घसरला. मग वैतागून गाबलर ऑनलाइन मागवली. आली ती १९२२च्या छापाची स्कॅन मारलेली प्रत, कडेची अक्षरं बांधणीनं गिळलेली. परत घ्यायला विक्रेता तयार नाही. नाव लिहीत नाही, पण स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळू नका. दोनशे रुपये जास्त गेले तरी दुकानात जाऊन पान उघडून बघा. गिफर्डबद्दलही माझं मत बदललंय. आधी टीप आणि मग वाक्य असं वाचलं, की कादंबरी म्हणजे नुसता शब्दकोडं सोडवायचा क्लास होतो.

पुस्तक बंद करून ठेवणार होतो. अडलो होतो ते अगदी पहिल्या ओळीवर. ‘देशिल होलेस ईमस’, तेच तीनदा. ईमस लॅटिन, ‘चला जाऊ’. होलेस ही गल्ली. देशिल म्हणजे सूर्याच्या फिरण्याच्या दिशेनं, उजवीकडून. टिपेत एवढंच. साताऱ्यात पोवई नाक्यावर चहाचा ग्लास हातात असताना एकदम पेटलं: अहो, ही तर प्रदक्षिणा! त्या आयरिश शब्दाच्या कुळात उजवं आणि दक्षिण एकाच शब्दात येतात, तंतोतंत आपल्या ‘दक्षिण’सारखे, आणि मूळही एकच. म्हणजे प्रसूतिगृहाला उजवी घालत तीनदा मंत्र म्हणायचा. हे मंत्र असेल तर मनात कशाला वाचतोय मी?

त्याच संध्याकाळी चारभिंतीच्या टेकडीवर जाऊन बसलो. एका कानात १९८२चं आयरिश रेडिओचं अखंड वाचन, समोर पुस्तक, आणि तोंडानं मोठ्यानं. फिरायला आलेल्या काकांनी दोनदा वळून पाहिलं, तिसऱ्यांदा लांबून गेले. पण गाडी चालली! डोळ्यांना नुसता दगड वाटणारं वाक्य तोंडात आलं की त्याला चढउतार येतात. सार्डिनचा डबा येतो ती जागा काढा: मुंडकी नसलेले मासे एका पात्रात, जणू परमुलखातला चमत्कार. ब्लूमला मधमाशी चावली होती, तर तो अजगरासारख्या भयंकर प्राण्याच्या भाल्यानं घायाळ झालेला वीर. मी एकटाच खिदळत होतो.

मग खाज सुटली. घरी पेढ्यांचा पुडा आला होता, त्यावर बखरीच्या चालीत हात चालवून पाहिला: ‘रात्रौ पुडा गृहीं आणविला. सुतळीचा वेढा फोडोन आंत पाहातां तांबूस वर्णाचे गोळे रांगेनें उभे. पुतण्यानें एकच हल्ला केला. बारा मोहरे गारद.’ हे जमल्यावर जॉइसची गंमत आतून कळली. आपल्याकडेही लीळाचरित्रापासून १८७४च्या निबंधमालेपर्यंत केवढा पल्ला आहे!

आणि इथेच कौतुकाला तडा गेला. वहिनी प्रसूती वॉर्डात नर्स आहेत. जेवताना त्यांना गोष्ट सांगितली, तर हातातली पोळी तशीच ठेवून म्हणाल्या, “तिसरा दिवस? आणि ही बाप्यामाणसं पीत बसलीत? तिला काय होतंय ते कोण लिहितंय?” मी डिकन्सच्या ढंगातला परिच्छेद मराठीत करून वाचून दाखवला, बाळंत झालेली आई डोळ्यांत तेज घेऊन पहुडलीय तो. “भाऊजी, तीन दिवस अडलेली बाई अशी दिसत नाही,” म्हणाल्या आणि आमटी वाढायला लागल्या.

उत्तर नव्हतं माझ्याकडे. चेष्टा आहे, मुद्दाम गोड केलंय, हे मान्य. पण इतक्या आवाजांत मिनाचा एक नाही. त्या कंपूत तिचं मनापासून दुखतं ते एकट्या ब्लूमला, म्हणून मी त्याच्याबरोबर टिकलो. जॉइसवर मात्र अजून राग आहे. ब्लूमच्या बायकोसाठी, मॉलीसाठी, त्यानं १८वं अख्खं ठेवलंय, मग इथे एक पान द्यायला काय झालं होतं?

आता पुढे १५, वेश्यावस्तीतलं नाटक. शनिवारी सुरू करणार होतो, पण हे लिहितानाच बेत फिरला. आपल्या जिल्ह्यातल्या मर्ढ्याचे मर्ढेकर, त्यांची १९४२ची ‘रात्रीचा दिवस’ संज्ञाप्रवाहाचीच, म्हणजे मनात विचार येतील तसे लिहिलेली कादंबरी. ती न वाचता मी डब्लिनच्या गल्ल्या तुडवत बसलोय, हे जरा लाजिरवाणंच. वाचनालयातल्या ताईंनी कपाटाच्या तळातून काढून दिलीय, पानं पिवळी पडलीत, कडा हाताला लागल्या की झडतात. आधी ही. रविवारी ती घेऊन मर्ढ्याला जायचा विचार आहे, दुचाकीवर एक जागा रिकामी आहे. पेन्सिल घरी ठेवून या.